वर्कशॉपमधून पेटंट ऑफिसपर्यंत: फिल्टर, स्टार्टर पेटी आणि लोखंडी जोडकाम करणाऱ्या खान्देशातल्या नवख्यांसाठी

तुम्ही ठिबकच्या फिल्टरमध्ये काही सुधारणा केली असेल, मोटारीची स्टार्टर पेटी वेगळ्या रचनेची बनवली असेल, किंवा बाजारात मिळत नाही असा एखादा क्लॅम्प, बिजागरी, व्हॉल्व्ह तयार केला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असं काम करणारी माणसं गावोगाव आहेत. इथला उन्हाळा, बोअरचं जड पाणी आणि रात्री-अपरात्री येणारी शेतीची लाईट यांच्यापुढे बाहेरून आलेल्या बऱ्याच वस्तू टिकत नाहीत. मग माणूस वेल्डिंगवाल्याकडे जातो, लेथवाल्याकडे जातो आणि स्वतःच मार्ग काढतो. वस्तू चांगली चालते, शेजारी बघतो, तालुक्याचा फॅब्रिकेटर बघतो आणि पुढच्या हंगामात तीच वस्तू दुसऱ्याच्या नावाच्या स्टिकरसह दुकानात दिसते. हे टाळता येतं, फक्त कामाचा क्रम नीट पाळावा लागतो.

पहिली पायरी: दाखवायचं नाही

वस्तू जमली की आपल्याकडे आधी व्हिडिओ निघतो. तो गावाच्या ग्रुपवर जातो, यूट्यूबवर जातो, कृषी प्रदर्शनात स्टॉल लागतो. पेटंटचा अर्ज करण्याआधी हे झालं तर शोधाची नवीनता गेली, आणि ती घालवणारे तुम्हीच. पेटंट तपासणारा अधिकारी तुमचाच व्हिडिओ तुमच्यासमोर ठेवू शकतो. कायद्यात थोड्या सवलती आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली, तर त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. जी वस्तू चारचौघांत चालवल्याशिवाय तपासताच येत नाही, तिच्या वाजवी चाचणीलाही वर्षभराची मुभा आहे. पण तालुक्याचं प्रदर्शन बहुतेक वेळा त्या अधिसूचनेत नसतं, आणि ‘वाजवी चाचणी’ सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. या सवलतींवर विसंबून राहू नका.

मग चाचणी करायची कशी? स्वतःच्या किंवा खात्रीच्या माणसाच्या मळ्यात, आणि ज्याला दाखवायचं त्याच्याकडून आधी गुप्ततेचा करार सही करून घेऊन. लेथवाला, साचा बनवणारा, प्लास्टिक मोल्डिंगवाला या सगळ्यांकडून सही घ्या. एका पानाचा साधा मराठी करारही चालतो: काय दाखवलं, कोणत्या तारखेला, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायचं किंवा बनवून द्यायचं नाही. ओळखीच्या माणसाकडे सही मागताना अवघड वाटतं, हे खरं. तरी मागा.

इथेच आणखी एक गोष्ट मिटवून टाका: शोधक कोण? तुम्ही सांगितलं तसं ज्याने वेल्डिंग केलं तो शोधक ठरत नाही. पण ‘भाऊ, इथं स्प्रिंग टाकू, म्हणजे दाब उतरल्याशिवाय पिन सरकणारच नाही’ असं सांगून ज्याने मूळ अडचणच सोडवली, तो सहशोधक आहे. त्याचं नाव अर्जात हवं. ते वगळलं तर पुढे पेटंट अडचणीत येतं, आणि तसंही ते अन्यायाचं आहे.

दुसरी पायरी: पेटंटच्या लायक आहे का, ते तपासा

पेटंटचा कायदा १९७० चा आहे, त्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. कसोट्या तीन: वस्तू जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेली नसावी, त्या कामातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी आणि ती बनवता व वापरता यावी. पहिली आणि तिसरी कसोटी समजायला सोपी आहे. बहुतेक अर्ज अडकतात ते दुसरीवर.

ती समजून घ्यायला भांड्यांच्या कारखान्याचं एक जुनं प्रकरण उपयोगी पडतं. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडं पक्कं धरून ठेवण्याच्या साधनावर १९५१ मध्ये पेटंट घेतलं होतं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवलं. ज्या तत्त्वावर लेथमध्ये वस्तू धरली जाते ते आधीपासून माहीत होतं, आणि त्यात केलेला बदल वर्कशॉपमधला कुशल कारागीर रोजच्या कामात करतो तेवढाच होता. आजही मेकॅनिकल पेटंटच्या वादात या निकालाचा आधार घेतला जातो. आपली वस्तू हातात घेऊन स्वतःला हाच प्रश्न विचारा: जळगाव एमआयडीसीतल्या चांगल्या फिटरला मी फक्त अडचण सांगितली असती, तर त्याने तासाभरात हेच केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर पैसे वाचवा.

कलम ३ मध्ये काही गोष्टी सरळ बाहेर ठेवल्या आहेत. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या आहेत. माहीत असलेली साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध नाही; सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर एका ट्रॉलीवर बसवले, याला पेटंट मिळत नाही. शेतीची पद्धत म्हणून पेटंट मिळत नाही. केळीला अमुक वेळापत्रकाने पाणी द्यायचं, हे चालत नाही, मात्र ते पाणी देणारं यंत्र चालू शकतं. आणि नुसत्या संगणक प्रणालीला मिळत नाही. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारं ॲप एवढंच असेल तर अडचण आहे, पण पेटीतल्या सर्किटमध्ये खरा तांत्रिक बदल असेल तर त्याचा विचार होतो.

तिसरी पायरी: शोधाशोध

यावर वेळ घाला. नवखा माणूस दुकानात वस्तू नाही म्हणजे जगात नाही असं धरून चालतो. ठिबकच्या फिल्टरचंच बघा: विजेशिवाय, नुसत्या पाण्याच्या दाबावर आपोआप बॅकवॉश घेणारे, म्हणजे उलट्या पाण्याने स्वतःला धुणारे फिल्टर केव्हापासून आहेत, कितीतरी देशांत त्यांची पेटंटं झाली आहेत. आपल्या दुकानदाराने ते आणले नाहीत, इतकंच.

शोधायच्या जागा फुकट आहेत: भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधप्रणाली, युरोपियन पेटंट ऑफिसची एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स. नुसते शब्द टाकून शोधलं तर निम्मं हाती लागत नाही, कारण एकाच वस्तूला प्रत्येक जण वेगळं नाव देतो. म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा संकेतांक वापरा. वस्तू गाळण्याच्या, वेगळ्या करण्याच्या साधनांसाठी बी०१डी, पाणी शुद्धीकरणासाठी सी०२एफ, शेतीला पाणी देण्याच्या साधनांसाठी ए०१जी २५, व्हॉल्व्हसाठी एफ१६के, नट-बोल्ट-क्लॅम्पसारख्या जोडकामासाठी एफ१६बी, इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पेट्यांसाठी एच०५के, वीज वितरणाच्या पॅनेलसाठी एच०२बी. अक्षरं अर्थातच रोमन लिपीत टाकायची. एखादं जवळचं पेटंट सापडलं की त्यावरचे संकेतांक उचला आणि त्यावरून पुढचे शोधा. आकृत्या बघत गेलं तर इंग्रजी जेमतेम असली तरी चालतं.

सापडलेलं प्रत्येक जुनं पेटंट म्हणजे तोटा नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते, आणि ते ज्या देशात घेतलं तिथेच लागू असतं. लग्नाच्या मंडपात जारचं पाणी पितो ना, ते आरओचं. त्या आरओच्या पडद्याचं मूळ अमेरिकन पेटंट सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांच्या नावावर १९६४ मध्ये मंजूर झालं. त्याची मुदत कधीच संपली, आणि आज ते तंत्र कुणीही वापरू शकतो. संपलेली किंवा भारतात कधी न घेतलेली पेटंटं वाचून वस्तू बनवायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त त्यावर स्वतःचं पेटंट मागता येत नाही. मला तर वाटतं, पेटंट घ्यायचं नसेल त्यानेही हे वाचावं; नकाशासकट इतकी खोल तांत्रिक माहिती फुकट कुठे मिळते?

चौथी पायरी: अडचण आणि दावा लिहून काढा

सगळा जीव इथे आहे. पेटंटचं संरक्षण आकृतीला किंवा नावाला नसतं, ते शेवटी लिहिलेल्या दाव्यांना असतं. दाव्यात जे शब्द आहेत, तेवढीच तुमची हद्द.

एक उदाहरण घेऊ. डिस्क फिल्टर चोंदला की शेतकरी क्लॅम्प सोडून झाकण काढतो. मोटार चालू राहिली असेल किंवा आत दाब अडकला असेल, तर झाकण उसळून हाताला, तोंडाला लागतं. समजा तुम्ही असा क्लॅम्प बनवला की त्याची मूठ फिरवताना आधी एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेर पडतं, आणि दाब उतरेपर्यंत मूठ पुढे फिरतच नाही.

नवखा माणूस दावा असा लिहितो: ‘सुरक्षित झाकण असलेला फिल्टर, जो अपघात टाळतो आणि वेळ वाचवतो.’ हा दावा टिकणार नाही. यात काय साधलं ते आहे, कसं साधलं ते नाही. टिकण्याच्या वाटेवर असलेला दावा असा दिसेल: ‘एक फिल्टर, ज्यात एक भांडं, एक झाकण आणि ते धरून ठेवणारा क्लॅम्प आहे, क्लॅम्पच्या मुठीला एक कॅम जोडलेला असून मूठ पहिल्या टप्प्यात फिरवल्यावर तो कॅम भांड्याला जोडलेला निचरा व्हॉल्व्ह उघडतो, आणि भांड्यातल्या दाबाने बाहेर ढकललेली एक पिन मुठीचा दुसरा टप्पा अडवून धरते व दाब ठरावीक मर्यादेखाली आल्यावर स्प्रिंगच्या जोराने मागे सरकते.’ आता वाचणाऱ्याला भाग दिसतात, त्यांचा एकमेकांशी संबंध दिसतो, कामाचा क्रम दिसतो.

यावर अधिकारी काय म्हणेल, तेही आधीच धरून चला. तो एक जुना डिस्क फिल्टर दाखवील आणि सोबत दाब असताना न उघडणाऱ्या प्रेशर कुकरचं पेटंट ठेवील: हे दोन एकत्र केले की झालं, यात नवं काय? त्याला उत्तर वस्तूतच असावं लागतं. उदाहरणार्थ, निचऱ्याचं तेच पाणी तुमच्या रचनेत डिस्कच्या आतल्या बाजूने उलटं जाऊन घाण सैल करत असेल, म्हणजे एकाच मुठीने सुरक्षितता आणि धुलाई दोन्ही होत असतील, तर तो परिणाम कुकर आणि फिल्टर जोडून आपोआप मिळत नाही. हा मुद्दा विवरणात, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा. नंतर नवीन माहिती घुसडता येत नाही.

मोजमापं लिहा. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं दाबाचं गेज रोज एका वहीत टिपा. दोन्हींतला फरक अर्धा किलोच्या आसपास गेला की साफ करायची वेळ आली असं धरतात, तर तुमच्या रचनेत तिथवर जायला किती तास लागतात आणि जुन्या फिल्टरमध्ये किती, ते एकाच विहिरीवर, एकाच पाण्यावर तपासा. जाळी किती मेशची आहे तेही नोंदवा; १२० मेश म्हणजे साधारण १३० मायक्रॉन. पाणी प्रयोगशाळेत तपासून त्याचा कठीणपणा आणि लोह यांचा अहवाल वहीला जोडा.

पेटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे स्टार्टर पेटीचे शत्रू तीन: ऊन, धूळ आणि पाल. पेटी हवा खेळण्यासाठी जाळीदार ठेवली तर धूळ आणि पाल आत जातात, कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) फटीत पाल सापडली की फेज उडतो. पेटी गच्च बंद केली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड बाद होतं. तुमच्या रचनेने हा पेच नेमका कशाने सोडवला? दुहेरी भिंत, मधून वर जाणारी हवा, आतला कप्पा सीलबंद, उष्णता बाहेर नेणारी ॲल्युमिनियमची पाठ, जे असेल ते भागवार लिहा. ‘धूळ जात नाही’ असं मोघम लिहिण्याऐवजी आयपी मानांकनाच्या, म्हणजे पेटीत धूळ-पाणी किती शिरतं ते सांगणाऱ्या आकड्यांच्या भाषेत बोला: आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. आत आणि बाहेर एक-एक तापमापक ठेवून भर दुपारचे आकडे लिहा. मेमधल्या आपल्या दुपारसारखी चाचणी दुसरीकडे कुठे फुकट मिळणार?

पाचवी पायरी: प्रोव्हिजनल अर्ज

वस्तूचं तत्त्व पक्कं झालं, पण अजून सुधारणा चालू आहेत, अशा वेळी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करायचा. त्याने तारीख तुमच्या नावावर लागते. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ विवरणाचा. एकट्या व्यक्तीला, मान्यताप्राप्त स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. त्यात ३० पानं आणि १० दावे येतात, वरच्या प्रत्येक पानाचे आणि दाव्याचे जादा पैसे पडतात. मोठ्या कंपनीला हेच शुल्क ८,००० रुपये. वैयक्तिक नावाने अर्ज केला तर सवलतीसाठी वेगळा पुरावा लागत नाही. उद्योगाच्या नावाने केला तर फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणी जोडा. भरण्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं शुल्क बघा.

महाराष्ट्र मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, ते अँटॉप हिलला आहे. तिथे जायची गरज नाही. डिजिटल स्वाक्षरी असली की अमळनेरला बसून अर्ज जातो.

प्रोव्हिजनल म्हणून दोन ओळी खरडून पाठवू नका. त्यात जे लिहिलं तेवढ्यालाच ती तारीख मिळते. सगळ्या आकृत्या, सगळे पर्याय, ‘स्प्रिंगऐवजी वजनही चालेल’ अशी प्रत्येक शक्यता घाला. तिथून १२ महिन्यांत दाव्यांसकट कंप्लीट स्पेसिफिकेशन (पूर्ण विवरण) द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. परदेशात अर्ज करायचा असेल तर तोही याच १२ महिन्यांत. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय किंवा परवानगी घेतल्याशिवाय परदेशात अर्ज करायचा नसतो.

अर्ज स्वतः करता येतो. पण दावे लिहिण्यासाठी तरी नोंदणीकृत पेटंट एजंट गाठा, आणि त्याचं नाव अधिकृत यादीत आहे का ते बघून घ्या. मान्यताप्राप्त स्टार्टअप असाल तर सरकारी योजनेत सुविधाकर्त्याची (अर्जाचं काम करून देणाऱ्याची) फी केंद्र सरकार भरतं, तुम्ही फक्त शासकीय शुल्क द्यायचं. पदवी, संस्था यांपैकी काहीच पाठीशी नसलेल्या कारागीर-शेतकऱ्यांसाठी गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. निवडलेल्या शोधांचे पेटंट अर्ज ते करून देतं. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चाचण्यांसाठी विचारा, पण तिथेही आधी गुप्ततेची सही.

सहावी पायरी: प्रकाशन आणि परीक्षण

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ भरून २,५०० रुपयांत लवकर प्रसिद्ध करून घेता येतो. पण अर्ज आपोआप तपासला जात नाही, फॉर्म १८ भरून मागणी करावी लागते. शुल्क ४,००० रुपये. मार्च २०२४ पासूनच्या नियमांत ही मागणी करायची मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने केली आहे, आधी ती ४८ होती. जुन्या लेखांत ४८ वाचून निवांत बसाल तर अर्ज बाद होईल. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदार यांना ८,००० रुपयांत जलद परीक्षण मागता येतं. घरातल्या बहिणीने किंवा सुनेने खरंच शोध लावला असेल तर तिच्या नावाने अर्ज करा. नुसत्या सवलतीसाठी नाव घालू नका.

पहिला तपासणी अहवाल आला की हादरून जायचं नाही. त्यात आक्षेप असतातच. उत्तराला सहा महिने मिळतात, मागितले तर आणखी तीन. प्रत्येक आक्षेपाला वस्तूतला भाग आणि वहीतला आकडा दाखवून उत्तर द्या. सुनावणी व्हिडिओवर होते.

पेटंट मंजूर होईपर्यंत वस्तूवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ एवढंच छापा. पेटंट नसताना ‘पेटंटेड’ लिहिल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि पेटंट म्हणजे आयएसआयचा शिक्का नव्हे. दर्जाचं प्रमाणपत्र, अनुदानाची यादी हे सगळं वेगळं.

डिझाइनची नोंदणी विसरू नका

नवेपण पेटीच्या दिसण्यात असेल, म्हणजे आकार, कडा, झाकणाचा घाट यात, तर पेटंटऐवजी किंवा पेटंटसोबत डिझाइन नोंदवा. डिझाइन कायदा २००० चा. एकट्या व्यक्तीला अर्जाचं शुल्क १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवून मिळतात. प्लास्टिकच्या पेट्या बनवणाऱ्यांनी हे करायलाच हवं, कारण आपल्याकडे बाहेरचा आकार उचलणं हीच सगळ्यात सोपी नक्कल असते. इथेही अर्जाआधी वस्तू बाजारात आली की हक्क गेला.

मंजुरीनंतर

दुसऱ्या वर्षानंतर दरवर्षी नूतनीकरण शुल्क असतं. एकट्या व्यक्तीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जातं. ते चुकलं तर पेटंट संपतं. पेटंट वापरात आहे का, हे फॉर्म २७ ने कळवायचं असतं. नव्या नियमांत तीन आर्थिक वर्षांतून एकदा. नक्कल करणाऱ्यावर खटला जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात लावता येतो, पण पेटंट हातात आल्यावरच. भरपाई मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनची मागता येते.

स्वतः कारखाना काढायचं बळ नसेल तर तुमची वस्तू बनवायचा परवाना एखाद्या कारखानदाराला द्या. ठिबकचा धंदा जळगावात आहे, पाईपवाले आहेत, मोल्डिंगवाले आहेत. गिऱ्हाईक लांब शोधायला जावं लागत नाही. व्यवहार तोंडी करू नका, कायद्याने तो लेखीच लागतो आणि पेटंट कार्यालयात नोंदवावा लागतो. करारात चार गोष्टी नावानिशी लिहून घ्या: नगामागे किती रुपये, वर्षाला कमीत कमी किती नगांचे पैसे मिळणार, नूतनीकरणाचं शुल्क कोण भरणार, आणि कारखानदाराने त्यात पुढे केलेली सुधारणा कुणाच्या नावावर राहणार. शेवटच्या मुद्द्यावर कारखानदार सगळ्यात जास्त ओढून धरतो, म्हणून तो पहिल्याच बैठकीत काढा.